अरण्यविद्या कोणासाठी?

मे महिना हा पूर्व विदर्भात तेंदूपानांच्या हंगामाचा महिना. या थोड्या दिवसांच्या मजुरीवर हजारो कुटुंबांची पावसाळ्याची बेगमी होत असते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडण्यासाठी रानात गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा घटनेनंतर जे घडते ते आता ठरून गेलेले आहे. पंचनामा होतो, नुकसानभरपाई जाहीर होते, वाघाला जेरबंद करा अशी मागणी गावातून उठते, आणि वाघाची बाजू घेणारी निवेदने शहरांतून निघतात. एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला जनावर अशी वाटणी करून वाद घातला जातो आणि पुढचा बळी जाईपर्यंत तो विझून जातो.

या गदारोळात एक प्रश्न मात्र विचारला जात नाही. वन्यजीवांचे संरक्षण आणि व्यवस्थापन हे आज एक स्वतंत्र शास्त्र आहे. विद्यापीठांतून ते शिकवले जाते, त्यात पदव्या दिल्या जातात, आणि त्या पदव्यांच्या आधारावर कोणते रान राखीव करायचे, कोणते गाव हलवायचे, कोठे चराई बंद करायची याचे सल्ले सरकारला मिळतात. हे शास्त्र कोणाला शिकवले जाते, कोणत्या भाषेत शिकवले जाते, आणि त्यात काय शिकवायचे राहून जाते? ज्यांना या शास्त्राच्या प्रत्येक निष्कर्षाचे परिणाम सोसावे लागतात, त्यांना त्याच्या वर्गात बसायला जागा आहे काय? वरवर पाहता हा शिक्षणाच्या तपशिलाचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो लोकशाहीचा प्रश्न आहे.

या शास्त्राचा आरंभ झाला तेव्हा त्याची नाळ शेतीशी जोडलेली होती, याचा आज सर्वांना विसर पडला आहे. आल्डो लिओपोल्ड यांच्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३३ मध्ये वन्यप्राणी-व्यवस्थापनाचे प्राध्यापकपद निर्माण केले. त्या देशातील हे अशा प्रकारचे पहिले पद. ते प्राणिशास्त्राच्या विभागात नव्हते. कृषी-अर्थशास्त्राच्या विभागात होते. लिओपोल्ड यांनी शेतकऱ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम चालवले, रेडिओवरून त्यांच्याशी संवाद साधला, शेताच्या बांधावरील झुडपे राखली तर पाखरे कशी टिकतात हे त्यांना समजावून सांगितले. जमीन ज्याच्या हाती आहे त्याला बाजूला ठेवून रानातील जीव वाचवता येणार नाहीत, ही त्यामागील साधी जाण होती.

पुढे १९८५ मध्ये मायकेल सूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धन-जीवशास्त्र या नावाने नव्या शाखेची उभारणी केली. शरीरशास्त्राशी शस्त्रक्रियेचे जे नाते, तेच जीवशास्त्राशी या नव्या शास्त्राचे, अशी त्यांची मांडणी होती. हे संकटकाळाचे शास्त्र आहे. येथे पूर्ण माहिती हाती येण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. ही मांडणी रास्त आहे. परंतु तिच्यातून निघणारा एक निष्कर्ष अनेकदा दृष्टीआड केला जातो. माहिती अपुरी असताना निर्णय घ्यायचा असेल, तर निर्णय कोण घेतो आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न शास्त्राच्या बाहेरचे राहत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी वैद्याला रोग्याची संमती घ्यावी लागते. रानावरील शस्त्रक्रियेत ती घेण्याची प्रथा नाही.

भारतात या विद्येचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १८७८ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने असा वनकायदा केला की, ज्यायोगे गावोगावची राने सरकारजमा करण्याचा मार्ग निर्वेध झाला. आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा निघाली. कायद्याने रान घेतले आणि शाळेने ते राखणारे नोकर तयार केले. लाकूड आणि महसूल हे त्या शिक्षणाचे विषय होते. रानात राहणारा माणूस त्यात आला तो चोरटी तोड करणारा, वणवे लावणारा, अवैध चराई करणारा गुन्हेगार म्हणून. डोंगर-दऱ्या आणि गायराने वनखात्याच्या घशात गेल्यामुळे शेतकऱ्याला आपली जनावरे चारण्यास जागा उरली नाही, हे महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये मांडले. त्याच्या आदल्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दुसरे गाऱ्हाणे घातले होते: कष्टकरी रयतेच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. जोतीरावांच्या त्या दोन तक्रारी दोन वेगळ्या विषयांवरच्या होत्या. वन्यजीवांच्या आजच्या उच्च शिक्षणात त्या दोन्ही एकत्र येऊन उभ्या राहतात.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. या कामासाठी प्रशिक्षित माणसे हवीत म्हणून १९८२ मध्ये डेहराडूनलाच भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली. वनाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हा तिचा मुख्य उद्देश होता. १९८८ पासून सौराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असा वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही तेथे सुरू झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि तमिळनाडूतील मन्नंपंडल येथील महाविद्यालय यांनीही हा विषय शिकवावयास घेतला. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या शतकाच्या आरंभी असाच अभ्यासक्रम निघाला. या संस्थांनी केलेले काम लहान नाही. वाघ, हत्ती, हिमबिबट्या यांच्यापासून बेडकांपर्यंत आज देशाला जी शास्त्रीय माहिती उपलब्ध आहे, तिचा मोठा वाटा येथील विद्यार्थ्यांनी चिखल तुडवत, डासांचे चावे सहन करत जमवलेला आहे. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि, या शिक्षणाचा आवाका पाहिला की मन खट्टू होते. नामांकित संस्थांतील तुकडी साधारण पंधरा-वीस विद्यार्थ्यांची. प्रवेश परीक्षा इंग्रजीत, अध्यापन इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडातील माडिया मुलाने लहानपणापासून रान पाहिलेले असते, पण या परीक्षेच्या दारापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. आणि जो पोहोचतो त्याचे रानाचे ज्ञान तेथे गुणांत धरले जात नाही. परिणामी, रानाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांना पदवीने मिळतो त्यांचे पोट रानावर नसते, आणि ज्यांचे पोट रानावर असते त्यांच्याजवळ पदवी नसते.

अशा एकांगी शिक्षणाने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण राजस्थानातील भरतपूरचे आहे. तेथील केवलादेव पाणथळ भूमीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये आत येणाऱ्या म्हशी आणि गाई बंद करण्यात आल्या. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत होती. गावकऱ्यांनी प्रतिकार केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. चराईमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते हे त्या वेळी शास्त्राने गृहीत धरलेले होते. सलीम अली यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञाचेही मत बंदीच्या बाजूचे होते. पण पुढे काय झाले? म्हशी गेल्या आणि त्या जे पाणगवत खात होत्या ते बेफाम माजले. उथळ पाणी गवताने कोंडले, पक्ष्यांना उतरायला आणि अन्न शोधायला उघडी जागा उरेना. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे अभ्यास केला आणि त्याचा निष्कर्ष निघाला की, म्हशींची चराई त्या पाणथळीच्या आरोग्याला उपकारकच होती. ज्या संस्थेची सलीम अली यांनी आयुष्यभर सेवा केली, तिनेच त्यांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, हे शास्त्राला भूषणावह आहे. परंतु गोळ्या आधी झाडल्या गेल्या आणि अभ्यास नंतर पुरा झाला, हेही विसरता येत नाही. म्हैस कोणते गवत खाते हे गुराख्याला ठाऊक होते. बंदी घालण्यापूर्वी त्याला ते विचारण्याची शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती.

दुसरे उदाहरण राजस्थानातीलच सरिस्का व्याघ्रप्रकल्पाचे आहे. २००४ सालच्या सरकारी हिशेबात तेथे सोळा ते अठरा वाघ होते. २००५ च्या आरंभी उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी ते संपवले होते. वाघांची गणना त्या काळी पायांच्या ठशांवरून होत असे. ही पद्धत विश्वासार्ह नाही असे उल्हास कारंत आणि त्यांचे सहकारी दीर्घकाळ सांगत आले होते. २००३ मध्ये त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर मांडलेही होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. याचे कारण गणिताच्या अज्ञानात नव्हते. जे खाते वाघ राखते, तेच खाते वाघ मोजते, आणि वाघांच्या आकड्यावरच त्या खात्याची प्रतिष्ठा ठरते, अशी ती रचना होती. अशा रचनेत आकडा खोटा निघाला तर नवल ते काय? सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००५ मध्ये या प्रश्नाचा विचार केला आणि गणनेची पद्धत बदलली; आज कॅमेऱ्यांच्या साहाय्याने आणि संख्याशास्त्राच्या आधाराने अंदाज केला जातो. २००९ मध्ये मध्य प्रदेशातील पन्नाही वाघांविना रिकामे झाल्याचे उघड झाले, तेव्हा केवळ पद्धत बदलून भागत नाही हे दिसले. स्वतंत्रपणे मोजणारी आणि न घाबरता बोलणारी विद्यापीठे असतील तरच खात्याच्या आकड्यावर अंकुश राहतो. जे विद्यापीठ संशोधनाच्या परवानगीसाठी त्याच खात्याच्या दारात उभे असते, त्याच्याकडून असा अंकुश ठेवण्याची अपेक्षा कितपत करता येईल?

मोजणीची ही मेहनत प्रत्यक्षात कोण करते तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या रानात वाघांच्या खुणांची नोंद करण्यासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाली. तिच्याबरोबर वनमजूर होते. देशभरातील व्याघ्रगणनेचा पाया अशा हजारो वनरक्षकांनी आणि रोजंदारीवरील मजुरांनी घातलेला असतो. अहवाल प्रसिद्ध होतो तेव्हा त्यांच्या वाट्याला फार तर आभाराची एक ओळ येते. त्यांच्या अनुभवाला विद्यापीठाच्या पदवीकडे नेणारी वाट नाही. सलीम अली यांना विद्यापीठाची पदवी नाही म्हणून भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याने नोकरी नाकारली होती. त्यांच्यापाशी बर्लिनला जाऊन शिकण्याइतके पाठबळ होते, म्हणून देशाला एक थोर पक्षितज्ज्ञ लाभला. वनरक्षकाच्या वा फासेपारध्याच्या मुलापाशी ते नसते, म्हणून त्याच्यातील सलीम अली आपल्याला कधीच भेटत नाही.

महाराष्ट्रातील बिबट्याची कहाणी अधिक आशादायक आहे. शास्त्राने वसाहतीच्या बाहेर न थांबता आत पाऊल टाकले म्हणजे काय घडू शकते, हे ती सांगते. जुन्नर परिसरात या शतकाच्या पहिल्या वर्षांत माणसांवरील हल्ले वाढले. उपाय म्हणून बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात येत होते. पाठ्यपुस्तकी दृष्टीने हे बरोबरच होते. बिबट्या रानातला प्राणी, तेव्हा त्याला रानात पोचवावे! विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने दाखवले की, पकडून हलवण्याच्या या उपायानंतरच हल्ले वाढले होते, आणि जेथे बिबटे सोडले त्या भागांतही ते सुरू झाले होते. त्यांनी पुढे अकोले तालुक्यात उसाच्या आणि वस्त्यांच्या मुलखात कॅमेरे लावले. जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस वावरत असल्याचे दिसले. बिबट्याच्या आहारात पाळीव आणि गावठी जनावरांचा, त्यातही कुत्र्यांचा, मोठा वाटा होता. अभ्यासाच्या काळात माणसांवर प्राणघातक हल्ला झालेला नव्हता. उसाच्या फडात बिबट्या असतो ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नव्हती. नवी होती ती शास्त्राला.

या तीन उदाहरणांतून निघणारा अर्थ एकच आहे. देशाच्या भूभागापैकी सुमारे पाच टक्के जमीन राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांत मोडते. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत शेते आहेत, माळराने आहेत, गायराने, तलाव, देवराया आणि गावे आहेत. आणि तेथेही लांडगा, माळढोक, तरस, बिबट्या, सारस यांचे जगणे चालू असते. माणूस वगळून उरलेले निसर्गाचे चित्र शिकवणारी विद्या या देशात पाच टक्क्यांपुरतीच खरी ठरेल. निर्मनुष्य रानाची अमेरिकन कल्पना तिसऱ्या जगावर लादली, तर तिचा बोजा गरिबांवर पडतो, हा मुद्दा रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच मांडला होता. तो अपवादात्मक वाचनाच्या यादीतून उचलून अभ्यासक्रमाच्या गाभ्यात यावयास हवा होता. तो पुरेसा आलेला नाही.

दरम्यान कायदा मात्र शिक्षणाच्या पुढे निघून गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. त्याच्या कलम ५ ने वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार तिच्या हाती ठेवले. एखादे क्षेत्र वन्यजीवांसाठी निर्मनुष्य करावयाचे झाल्यास सहजीवन शक्य नाही हे आधी ठरले पाहिजे आणि ग्रामसभेची मुक्त संमती हवी, असेही त्या कायद्याने सांगितले. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने स्वतःच्या बांबूची विक्री स्वतः केली. आज त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने या हजार ग्रामसभा वन्यजीवांच्या व्यवस्थापक आहेत. त्यांना त्या कामाचे शिक्षण कोणी द्यायचे? मेंढ्याने आपले अभ्यासगट आपणच चालवले. निर्णय घेण्यापूर्वी अभ्यास करावा हा दंडक त्या गावाने पाळला. विद्यापीठाने गावाकडून शिकावे असा हा प्रसंग आहे.

उलट बाजूला, भारतीय वनसेवेच्या परीक्षेची पात्रता पाहावी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय घेतलेला पदवीधर, किंवा शेती, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीचा पदवीधर त्या परीक्षेस बसू शकतो. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र वा अर्थशास्त्र एवढेच शिकलेल्या पदवीधराला तेथे मज्जाव आहे. यंत्रांचा अभियंता रानाचा कारभार पाहू शकतो. आदिवासी समाजाचा अभ्यासक पाहू शकत नाही. रान म्हणजे झाडे आणि जनावरे, माणसे नव्हेत, ही १८७८ ची दृष्टी आजही पात्रतेच्या नियमांत जिवंत आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप गुणवत्तेचा. संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, उपग्रहचित्रांचे वाचन या कठीण गोष्टी आहेत. दारे सताड उघडल्यास शास्त्र पातळ होईल, असे म्हटले जाते. शास्त्र पातळ करावे असे कोणीही म्हणत नाही. सरिस्काने तर दाखवले की, कच्च्या शास्त्राची किंमत फार मोठी असते. परंतु विषय कठीण असणे आणि तो परक्या भाषेत कठीण करून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप असा की, स्थानिक ज्ञानाचे उदात्तीकरण होत आहे. गावकरीही शिकार करतात, विष घालतात, त्यांच्याही समजुती चुकीच्या असतात. हे खरे आहे. स्थानिक ज्ञान म्हणजे वेदवाक्य नव्हे. ते तपासूनच घेतले पाहिजे. मात्र तपासण्यासाठी आधी ते ऐकून घ्यावे लागते, आणि तपासणीचा नियम पदवीधरांच्या समजुतींनाही लावावा लागतो. भरतपूरला तो लावला गेला तेव्हा पराभव कोणत्या समजुतीचा झाला, हे वर आलेच आहे. तिसरा आक्षेप वेळेचा. प्राणी नष्ट होत आहेत, लोकशिक्षणाची वाट पाहायला सवड नाही, असे सांगितले जाते. पण लोकांना बाजूला सारून केलेली घाई किती टिकते? ज्या गावाचे वैर पत्करून अभयारण्य राखले जाते, त्या गावातूनच शिकाऱ्याला वाट दाखवली जाते.

तेव्हा करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. जेथे रान आहे तेथील सार्वजनिक विद्यापीठांनी हा विषय शिकवावयास घेतला पाहिजे. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अमरावतीच्या विद्यापीठाच्या कक्षेत मेळघाट येतो. कोकणात सह्याद्री आहे. तेथे या विषयाचे पूर्ण विभाग असावेत, प्राध्यापकांची पदे कायमची असावीत, तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांनी दिवस काढू नयेत. या शिक्षणात महिनोन्‌महिने रानात राहावे लागते. त्याचा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर पडला तर पुन्हा सुखवस्तू घरांतील मुलेच तेथे येतील. म्हणून क्षेत्रकार्याचा पूर्ण खर्च आणि निर्वाहवेतन सरकारने द्यावे. काही जागा वनरक्षकांसाठी आणि ग्रामसभांनी पाठवलेल्या तरुण-तरुणींसाठी राखून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत या विषयाची शब्दसंपदा नाही, ही सबब चालणार नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्याची नोकरी करता करता रानातील माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, जनावरांच्या सवयींची नावे वेचली आणि ती मराठीत आणली. एका वनाधिकाऱ्याने एकट्याने जे केले ते पाच-सहा विद्यापीठांना मिळून करता येत नसेल, तर दोष भाषेचा नाही. पाठ्यपुस्तके मराठीत व्हावीत. गोंडी, माडिया, कोरकू या भाषांतील ज्ञान त्यांत त्या त्या समाजाच्या नावानिशी यावे. इंग्रजीही शिकवावी, पण ती प्रवेशाची अट म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. वनांचा इतिहास, वनहक्क कायदा, शेतीचे आणि पशुपालनाचे अर्थशास्त्र हे ऐच्छिक विषय नसावेत. वाघाच्या हद्दीचा नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच नकाशावर तेंदूपानांचे फड आणि मोहफुलांची झाडे कोठे आहेत हेही दाखवता आले पाहिजे. कारण हल्ले तेथेच होतात. आणि चौथी गोष्ट उघडेपणाची. सार्वजनिक पैशातून जमवलेली वन्यजीवांची माहिती, शिकाऱ्यांच्या हाती लागू नये असा नेमका तपशील वगळता, विद्यापीठांना आणि ग्रामसभांना खुली असावी. संशोधनाच्या परवानग्या ठरावीक मुदतीत मिळाव्यात आणि नाकारल्यास कारणे लेखी द्यावीत.

यांपैकी कोणतीही मागणी अवाजवी नाही. कृषी विद्यापीठे निघाली तेव्हा शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा विस्तार-शिक्षणाचा विभाग त्यांचा भाग मानला गेला. कारण पीक शेतकरी काढतो, प्राध्यापक काढत नाही, हे सर्वांना पटले होते. रानातील जीवही प्राध्यापक राखत नाहीत. ते राखते त्यांच्या शेजारी राहणारा आणि प्रसंगी त्यांच्या भक्ष्यस्थानी पडणारा समाज. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत, चार वर्षांपूर्वी ते ३१२ होते. या वाढीचा अभिमान राज्यकर्ते बाळगतात आणि तो बाळगण्याजोगा आहेही. मात्र ही वाढ ज्या गावांनी सोसली त्यांना या यशात केवळ नुकसानभरपाईचे अर्जदार म्हणून स्थान असावे काय? सिंदेवाहीच्या रानात पुढल्या मे महिन्यातही स्त्रिया पाने तोडायला जाणारच आहेत, कारण त्यांना दुसरा रोजगार नाही. कोणत्या रानात वाघीण पिलांसह आहे, कोणता फड काही दिवस बंद ठेवावा, त्या दिवसांची मजुरी कोणी द्यावी, याचा निर्णय त्यांच्या ग्रामसभेला ज्ञानाच्या आधारावर घेता येईल असे शिक्षण देणे हे विद्यापीठांचे काम आहे. त्यासाठी लागणारा पैसा जनतेचाच आहे. तो कोणाच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा जोतीरावांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न रानाच्या वेशीवर अजून उत्तराची वाट पाहत आहे.